'आय ॲम ॲग्री' का चुकतं? पार्ट्स ऑफ स्पीच ओळखायची रीत

व्याख्या सगळ्यांनाच पाठ असतात. नाऊन म्हणजे व्यक्ती, वस्तू किंवा ठिकाणाचं नाव, व्हर्ब म्हणजे क्रिया दाखवणारा शब्द, ॲडजेक्टिव्ह म्हणजे नामाबद्दल जास्तीची माहिती सांगणारा, झोपेतून उठवून विचारलं तरी घडाघडा म्हणून दाखवू. मलाही यायचं. वहीत आठ चौकटींचा तक्ता होता, नाऊन, व्हर्ब, ॲडजेक्टिव्ह, प्रोनाऊन (सर्वनाम), ॲडव्हर्ब (क्रियाविशेषण), प्रेपोझिशन (शब्दयोगी अव्यय), कंजंक्शन (उभयान्वयी अव्यय) आणि इंटरजेक्शन (उद्गारवाचक), प्रत्येक चौकटीत पाच-पाच उदाहरणं, आणि एका परीक्षेत 'कम बॅक सून' मधल्या 'बॅक'ची जात विचारली तेव्हा मी बिनधास्त नाऊन लिहून आलो, कारण बॅक म्हणजे पाठ, पाठ म्हणजे अवयव, अवयव म्हणजे वस्तू आणि वस्तू म्हणजे नाऊन. लॉजिक पक्कं, मार्क शून्य.

चूक काय झाली ते बऱ्याच वर्षांनी डोक्यात शिरलं. मी शब्दाचा अर्थ बघत बसलो होतो, वाक्याकडे बघितलंच नव्हतं. आपण मराठीत याला शब्दांच्या जाती म्हणतो ना, मला वाटतं घोळ तिथूनच सुरू होतो, जात म्हटलं की जन्मापासून चिकटलेली आणि मरेपर्यंत न सुटणारी अशीच काहीतरी कल्पना होते. इंग्रजीतला शब्द नोकरदार आहे. आज या खुर्चीत, उद्या त्या खुर्चीत. तोच 'बॅक' घ्या. 'माय बॅक हर्ट्स' मध्ये तो नाऊन. 'यूज द बॅक डोअर' मध्ये कुठलं दार ते सांगतोय, म्हणजे ॲडजेक्टिव्हचं काम. 'कम बॅक सून' मध्ये येण्याची दिशा सांगतोय म्हणून ॲडव्हर्ब. आणि 'आय विल बॅक यू', मी तुझ्या पाठीशी उभा राहीन, इथे सरळसरळ व्हर्ब. 'राउंड' तर पाच खुर्च्या सांभाळतो: 'द सेकंड राउंड' नाऊन, 'अ राउंड टेबल' ॲडजेक्टिव्ह, 'द कार राउंडेड द कॉर्नर' व्हर्ब, 'टर्न राउंड' ॲडव्हर्ब, 'राउंड द कॉर्नर' प्रेपोझिशन. त्यामुळे नुसता शब्द समोर टाकून 'याचा पार्ट ऑफ स्पीच सांग' असं कुणी म्हटलं तर पहिला उलटा प्रश्न हाच टाकायचा, की बाबा वाक्य कुठलं?

आपल्याला हे जड जातं कारण मराठी शब्द बहुतेक वेळा ओळखपत्र गळ्यात घालून फिरतो. घराला, घरात, घराचा, प्रत्यय बघितला की काम कळलं. 'मुलाने कुत्र्याला पाहिलं' हे तुम्ही 'कुत्र्याला मुलाने पाहिलं' असं फिरवा, बघणारा मुलगाच राहतो. इंग्रजीत 'द बॉय सॉ द डॉग' फिरवून 'द डॉग सॉ द बॉय' केलं की संपलं, आता कुत्रा बघतोय. तिकडे प्रत्यय फार थोडे उरलेत, म्हणून जागाच सगळं ठरवते.

एक गंमत करून बघा. मी आत्ता बनवलेलं, काहीच अर्थ नसलेलं वाक्य: 'द ब्लिमी टोर्ब झोगल्ड अ क्रेंट लाउडली.' टोर्ब म्हणजे काय मलाही माहीत नाही. तरी तुम्ही सांगू शकता की टोर्ब आणि क्रेंट हे नाऊन, एकाच्या आधी 'द' उभा आहे आणि दुसऱ्याच्या आधी 'अ'. झोगल्ड हे व्हर्ब आणि तेही भूतकाळातलं. ब्लिमी हे टोर्बचं ॲडजेक्टिव्ह. लाउडली कसं झोगलं ते सांगतोय. अर्थ शून्य असून उत्तर बरोबर आलं, म्हणजे अर्थावर विसंबायची गरज किती कमी आहे बघा.

पार्ट्स ऑफ स्पीच आठ की नऊ यावर भांडणाऱ्यांसाठी थोडंसं विषयांतर. हा आठचा आकडा ग्रीकांकडून आला, इसवी सन पूर्व 2ऱ्या शतकातल्या डायोनिशियस थ्रॅक्सच्या नावावर असलेल्या व्याकरणात आठ भाग आहेत, पण ते आपले आठ नव्हेत. त्यात आर्टिकल (इंग्रजीतल्या 'द', 'अ' सारखे शब्द) वेगळं होतं, पार्टिसिपल (धातुसाधित) वेगळं होतं आणि ॲडजेक्टिव्ह नाऊनमध्येच मोडायचं. लॅटिनमध्ये आर्टिकलच नव्हतं, मग तिथल्या लोकांनी इंटरजेक्शन वेगळं काढून आठ भरले. इंग्रजीत लिंडली मरेच्या 1795च्या व्याकरणात नऊ आहेत, आर्टिकल धरून. मराठीत दादोबा पांडुरंगांनी 1836 साली व्याकरण लिहिलं ते इंग्रजी वळणावर, म्हणून नाम, सर्वनाम, विशेषण ही आपली यादी इंग्रजीशी इतकी जुळते. त्याआधी संस्कृतात प्राचीन काळच्या यास्काने चारच सांगितले होते, नाम, आख्यात (म्हणजे क्रियापद), उपसर्ग, निपात (अव्ययं). हल्लीची इंग्रजी पुस्तकं 'द, अ, माय, धिस, सम' या मंडळींना डिटरमिनर नावाची वेगळी खोली देतात, शाळेच्या पुस्तकात तेच कधी आर्टिकल तर कधी ॲडजेक्टिव्ह म्हणून येतात. तुमची परीक्षा ज्या पुस्तकावर आहे त्यात जे नाव दिलंय ते लिहा आणि पुढे चला, यात डोकं घालण्यासारखं काही नाही.

आता प्रत्यक्ष ओळखायचं कसं. वाक्य हातात आलं की डावीकडून उजवीकडे एकेक शब्दाला लेबल लावत सुटायचं नाही, सगळ्यात आधी व्हर्ब पकडायचं. व्हर्ब सापडलं की बाकीचे आपोआप आपापल्या जागी बसतात. आणि ते पकडायला क्रिया शोधू नका, काळ बदला. 'शी वॉक्स टू वर्क.' याच्यापुढे यस्टरडे जोडा आणि वाक्य दुरुस्त करा: 'शी वॉक्ड टू वर्क यस्टरडे.' कोण हललं? वॉक हललं. वर्क जिथल्या तिथे. वर्क म्हणजे काम करणं, क्रियाच की, पण इथे ते व्हर्ब नाही, नाऊन आहे. ही एक युक्ती निम्मं काम करते, खरंच. क्रियेच्या व्याख्येवर गेलात तर 'एक्सप्लोजन', 'जर्नी', 'अरायव्हल' हे सगळे तुम्हाला व्हर्ब वाटतील, आणि 'नो' (माहीत असणं), 'बिलाँग', 'सीम', 'इज' यांच्यात कुठलीच हालचाल दिसणार नाही म्हणून तुम्ही ते सोडून द्याल, खरं तर ते व्हर्ब.

व्हर्ब एकटंच असेल असंही नाही. 'शी शुड हॅव बीन वर्किंग' यात चार शब्दांचा डबा आहे, शेवटचं मुख्य आणि आधीची तीन मदतीला. प्रश्न आला की मध्ये दुसरे शब्द घुसतात, 'शुड शी हॅव बीन वर्किंग', तेव्हा डबा तुटलेला दिसला तरी डबा तोच आहे.

कधीकधी इंग्रजी मुद्दाम दगा देतं. 'द ओल्ड मॅन द बोट.' वाचताना तुम्ही म्हातारा माणूस डोळ्यासमोर आणलात, मग वाक्य अर्धवट वाटलं. यात व्हर्ब शोधा. 'मॅन' हेच व्हर्ब आहे, नाव चालवायला माणसं म्हणून उभं राहणं, आणि 'द ओल्ड' म्हणजे म्हातारी माणसं, नाऊनच्या जागेवर. म्हातारी मंडळी नाव सांभाळतात, एवढाच अर्थ. एक शब्द भलत्या खुर्चीत कल्पिला की अख्खं वाक्य कोसळतं, त्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आता टायटलमधली चूक. 'आय ॲम ॲग्री.' ही चूक करणारा माणूस मूर्ख नसतो, उलट तो फार प्रामाणिकपणे मराठीचं इंग्रजी करतोय. 'मी सहमत आहे.' मी म्हणजे आय, आहे म्हणजे ॲम, सहमत म्हणजे ॲग्री. पण मराठीतलं 'सहमत' हे विशेषण आहे आणि इंग्रजीतलं 'ॲग्री' हे व्हर्ब. त्याला 'ॲम'चा टेकू नको, 'आय ॲग्री' बास. भाषा बदलताना अर्थ तोच राहतो पण पार्ट ऑफ स्पीच बदलतो, आणि आपल्या निम्म्या चुका याच फटीत आहेत. 'मला भूक लागलीय' यात भूक हे नाम, इंग्रजीत 'आय ॲम हंग्री', हंग्री ॲडजेक्टिव्ह. 'मला भीती वाटते', भीती नाम, 'आय ॲम अफ्रेड', ॲडजेक्टिव्ह. 'मला माहीत आहे', इंग्रजीत 'आय नो', एकटं व्हर्ब. 'तो यशस्वी होईल' म्हणताना लोक 'ही विल सक्सेस' म्हणून जातात, सक्सेस नाऊन आहे, 'विल'च्या पुढच्या खुर्चीवर व्हर्बच बसणार, म्हणून 'ही विल सक्सीड'. मी तर आता नवीन शब्द शिकला की अर्थासोबत तो मराठीत कुठल्या जातीचा आणि इंग्रजीत कुठल्या कामाचा हे दोन्ही लिहून ठेवतो, वेळ फारसा लागत नाही.

याच्या उलटही होतं. मराठीत नामाचं क्रियापद करायला 'करणे' लागतं, फोन कर, मेसेज कर, मेल कर. इंग्रजीत नाऊन उचलून थेट व्हर्बच्या खुर्चीत टाकतात: 'फोन मी', 'मेसेज मी', 'ईमेल मी'. 'गूगल' हे कंपनीचं नाव, 2006 मध्ये ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीने ते व्हर्ब म्हणून नोंदवलं. नाऊन, व्हर्ब, ॲडजेक्टिव्ह, ॲडव्हर्ब या चार गटांत अशी रोज नवी भरती होते. प्रोनाऊन, प्रेपोझिशन, कंजंक्शन यांत मात्र भरती जवळपास बंद, त्यामुळे ही मंडळी मोजकीच आहेत आणि चक्क पाठ करता येतात. पाठांतराची हौस असेल तर ती इथे भागवा.

काही जोड्यांमध्ये खुर्ची बदलली की उच्चारही बदलतो. 'रेकॉर्ड' नाऊन असताना जोर पहिल्या भागावर, व्हर्ब असताना दुसऱ्यावर, आणि तसंच परमिट, ऑब्जेक्ट, प्रेझेंट, कंडक्ट, प्रोड्यूस यांचं. 'ॲडव्हाइस' शेवटी स ऐकू आला तर नाऊन, झ ऐकू आला तर व्हर्ब, आणि स्पेलिंगमध्येही सीच्या जागी एस येतो.

नाऊन ओळखायला शब्दाच्या आधी 'द' किंवा 'माय' लावून बघा. 'द अरायव्हल' चालतं, 'माय डिसिजन' चालतं, 'द अराइव्ह' चालत नाही. शेपट्याही मदत करतात. शन, नेस, मेंट, इटी अशी शेपटी असेल तर बहुतेक नाऊनच: डिसिजन, काइंडनेस, मूव्हमेंट, ॲबिलिटी. बहुतेक म्हणालो कारण 'मेन्शन' किंवा 'क्वेश्चन' व्हर्बही होतात, जागा बघायची सवय सोडायची नाही. नाऊनमध्ये आपली खरी अडचण ओळखण्यात नाही, मोजण्यात आहे. इन्फॉर्मेशन, ॲडव्हाइस, फर्निचर, लगेज, इक्विपमेंट हे इंग्रजीत पाण्यासारखे धरतात, म्हणून त्यांना एस लागत नाही आणि आधी 'ॲन'ही लागत नाही. 'ॲन ॲडव्हाइस' नाही, 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस'. मराठीत आपण दोन सल्ले देतो, इंग्रजीत दोन तुकडे द्यावे लागतात, काय करणार.

आयएनजीवाले शब्द सगळ्यांना छळतात. नियम एकच, शेपटीकडे बघू नका. 'स्विमिंग इज फन' यात स्विमिंगच्या जागी 'इट' टाकून बघा, 'इट इज फन' चाललं, म्हणजे नाऊनचं काम, पुस्तकी नाव जेरंड. 'शी इज स्विमिंग' यात 'इट' टाकलं तर 'शी इज इट', काहीच्या काही, तिथे ते व्हर्बच्या डब्यातलं आहे. 'इंटरेस्टिंग', 'बोरिंग' हे तर पक्के ॲडजेक्टिव्ह झालेत, व्हेरी लावून बघा, 'व्हेरी बोरिंग' मस्त चालतं. आणि कृपा करून कंटाळा आल्यावर 'आय ॲम बोरिंग' म्हणू नका, त्याचा अर्थ तुम्हीच कंटाळवाणे. कंटाळा देणारा बोरिंग, कंटाळलेला बोअर्ड, दोन्ही ॲडजेक्टिव्ह पण बाजू उलट्या.

व्हेरीची ही टेस्ट ॲडजेक्टिव्हसाठी चांगली आहे, जोडीला 'सीम्स' टेस्टही लावा. 'ही सीम्स ___' या रिकाम्या जागेत शब्द नीट बसला तर तो ॲडजेक्टिव्ह: हॅपी, टायर्ड, लोनली. मराठीत बरीच विशेषणं नामासोबत बदलतात, काळा बूट, काळे बूट, काळी चप्पल. इंग्रजी ॲडजेक्टिव्ह दगडासारखं, 'ब्लॅक शू', 'ब्लॅक शूज'. इतकं दगड की नाऊन जरी त्याच्या खुर्चीत आला तरी त्याचा एस काढून घेतात: 'द बॉय इज टेन इयर्स ओल्ड' पण 'अ टेन-इयर-ओल्ड बॉय'. दुसऱ्या वाक्यात तो सगळा जुडगा मिळून बॉयबद्दल सांगतोय, ॲडजेक्टिव्हच्या खुर्चीत बसलाय, म्हणून इयर्सचं इयर झालं. हे कळेपर्यंत मी कित्येक वर्षं 'टेन-इयर्स-ओल्ड बॉय' लिहित होतो आणि कुणी लाल रेघ मारली की रेघ मारणाऱ्यावरच चिडायचो.

ॲडव्हर्बमध्ये मराठी आपल्याला वेगळ्याच प्रकारे फसवते. 'तो चांगला गातो', 'ती चांगली गाते'. बघा, गाणं कसं आहे ते सांगतोय पण शब्द वापरलाय विशेषणाचा आणि तो लिंगाप्रमाणे बदलतोयसुद्धा. म्हणून आपण सहज म्हणतो 'शी सिंग्ज गुड'. इंग्रजीत गाण्याबद्दल बोलायचं तर ॲडव्हर्बच पाहिजे, 'शी सिंग्ज वेल'. पण याचा अतिरेक करून 'शी लुक्स बुटिफुली' असंही करू नका. लुक्स, फील्स, साउंड्स, सीम्स, बिकम्स यांच्या जागी 'इज' टाकून बघायचं, 'शी इज बुटिफुल' चाललं तर पुढे ॲडजेक्टिव्हच येणार कारण माहिती तिच्याबद्दल आहे, बघण्याच्या पद्धतीबद्दल नाही.

आणि शेवटी ली आला की ॲडव्हर्ब हा नियम अर्धाच खरा. फ्रेंडली, लव्हली, लोनली, अग्ली हे ॲडजेक्टिव्ह. फास्टला ली लागतच नाही, 'अ फास्ट कार' आणि 'ही ड्राइव्ह्ज फास्ट' दोन्हीकडे तोच. हार्डला ली लावलात तर अर्थ उलटा होतो: 'ही वर्क्स हार्ड' म्हणजे मेहनत करतो, 'ही हार्डली वर्क्स' म्हणजे जेमतेम करतो. रेफरन्स लेटरमध्ये ही चूक झाली तर कल्पना करा. लेट म्हणजे उशिरा, लेटली म्हणजे अलीकडे. बाकी 'नॉट', 'व्हेरी', 'नेव्हर', 'ऑल्वेज', 'टू' (दोन ओ असलेला, 'सुद्धा' या अर्थाचा), 'देअर' हेही ॲडव्हर्बच्याच कपाटात. खरं सांगायचं तर ॲडव्हर्ब म्हणजे घरातला तो ड्रॉवर आहे जिथे कुठेच न बसणाऱ्या वस्तू टाकतात, त्यामुळे इतर सात ठिकाणी शब्द बसत नसेल तर ॲडव्हर्ब लिहून टाका, बऱ्याचदा बरोबर येतं.

प्रोनाऊन फार त्रास देत नाहीत, एक गोष्ट सोडून. मराठीत 'गेलो', 'आलीस' यात मी-तू क्रियापदातच दडलेले असतात म्हणून आपण ते गाळतो. इंग्रजीत सहसा गाळता येत नाही, इतकं की काहीच करणारा नसला तरी एक खोटा माणूस उभा करतात: 'इट इज रेनिंग'. पाऊस पडतोय, मग इट कोण? कुणी नाही, ती खुर्ची रिकामी ठेवायची नाही म्हणून बसवलेला.

प्रेपोझिशन आपल्याकडे शब्दाच्या मागून चिकटतं, टेबलावर, घरासमोर, तुझ्यासाठी. इंग्रजीत ते आधी येतं. 'ऑन द टेबल.' हा फरक लवकर अंगवळणी पडतो, खरा गोंधळ आहे तो कुठे लावायचं आणि कुठे नाही यात, आणि तिथे पार्ट्स ऑफ स्पीच भलतेच कामाला येतात. 'वी डिस्कस्ड अबाउट द प्लॅन' चूक. का? तर डिस्कस हे व्हर्ब पुढच्या शब्दाला स्वतःच धरतं, मध्ये दलाल नको. पण 'अ डिस्कशन अबाउट द प्लॅन' एकदम बरोबर, कारण डिस्कशन हे नाऊन आणि नाऊनला दुसरा नाऊन धरायला प्रेपोझिशन लागतंच. हीच गंमत पुढे चालवा: 'रिक्वेस्ट हेल्प' पण 'अ रिक्वेस्ट फॉर हेल्प', 'एम्फसाइझ धिस पॉइंट' पण 'एम्फसिस ऑन धिस पॉइंट', 'आन्सर द क्वेश्चन' पण 'ॲन आन्सर टू द क्वेश्चन'. आपण नाऊनचं प्रेपोझिशन उचलून व्हर्बला लावतो, तिथे चुकतो. सगळी व्हर्ब अशी स्वावलंबी नसतात, 'डिपेंड ऑन', 'रिप्लाय टू' यांना लागतंच, पण चूक कुठून येते ते कळलं की लक्षात राहायला सोपं जातं.

'टू'ची तर दोन रूपं आहेत. 'आय वाँट टू मीट यू' यातला टू व्हर्बच्या आधी लागणारा, आणि 'आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू' यातला टू खरंखुरं प्रेपोझिशन, म्हणून पुढे मीट नाही तर मीटिंग. ओळखायचं कसं? पुढे 'इट' टाका. 'आय लुक फॉरवर्ड टू इट' चालतं, 'आय वाँट टू इट' नाही चालत. चाललं तर प्रेपोझिशन आणि मग त्याच्यापुढे व्हर्ब आलं तर आयएनजी लावून, बास.

अजून एक सापळा, 'अप, ऑन, ऑफ, आउट' दिसले की लगेच प्रेपोझिशन लिहायचं नाही. 'शी लुक्ड अप द चिमनी' म्हणजे तिने धुराड्यातून वर बघितलं, इथे अप प्रेपोझिशन. 'शी लुक्ड अप द वर्ड' म्हणजे डिक्शनरीत शब्द बघितला, इथे अप हे लुकचंच शेपूट, ॲडव्हर्ब धरतात किंवा पार्टिकल म्हणतात. शेपूट असेल तर ते मागे नेता येतं: 'शी लुक्ड द वर्ड अप' चालतं, 'शी लुक्ड द चिमनी अप' चालत नाही. आणि इट किंवा देम आलं तर ते मध्येच बसवावं लागतं, 'लुक इट अप'.

कंजंक्शनबद्दल दोनच गोष्टी सांगतो. मराठीत 'जरी पाऊस होता तरी तो आला', जरी-तरी जोडीने येतात, म्हणून आपण 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट ही केम' असं लिहितो. इंग्रजीत दोन वाक्यांना एकच खिळा, ऑल्दो ठेवा किंवा बट ठेवा. दुसरं, 'बिकॉज' आणि 'बिकॉज ऑफ' एक नाहीत. पुढे स्वतःचं व्हर्ब असलेलं अख्खं वाक्य येत असेल तर कंजंक्शन, 'बिकॉज इट रेन्ड'. नुसता नाऊन येत असेल तर प्रेपोझिशन, 'बिकॉज ऑफ द रेन'. ऑल्दो आणि डिस्पाइट यांचं तसंच, व्हाइल आणि ड्युरिंग यांचंही तसंच. 'सिन्स', 'बिफोर', 'आफ्टर' हे मात्र दोन्ही दरवाजांतून ये-जा करतात: 'सिन्स मंडे' प्रेपोझिशन, 'सिन्स शी लेफ्ट' कंजंक्शन.

इंटरजेक्शन म्हणजे वाव, ओह, आउच. वाक्यातून काढून टाकलं तरी वाक्य उभं राहतं. झालं.

सरावासाठी वर्कबुक लागत नाही. तुम्ही जे काही इंग्रजी वाचताय, अगदी मोबाइलच्या सेटिंगमधलं वाक्यसुद्धा चालेल, त्यातली रोज पाच वाक्यं घ्या. आधी काळ बदलून व्हर्बखाली रेघ. मग 'द' लावून नाऊन. मग प्रत्येक नाऊनला कोण चिकटलंय आणि व्हर्बला कोण चिकटलंय ते बाण काढून दाखवा, नाऊनकडे जाणारा बाण ॲडजेक्टिव्ह किंवा डिटरमिनर, व्हर्बकडे जाणारा ॲडव्हर्ब. उरलेले छोटे शब्द शेवटी. उत्तर तपासायला डिक्शनरी उघडली तर पहिल्याच अर्थावर थांबू नका, शब्दासमोर एन, व्ही, एडीजे, एडीव्ही अशी छोटी अक्षरं असतात, आणि एकाच शब्दाखाली तीन-चार वेगवेगळी खाती असतात, त्यातलं तुमच्या वाक्याला बसणारं उदाहरण शोधा. ट्रान्सलेशन ॲप इथे फारसं कामाचं नाही, ते अर्थ देतं, तुमच्या वाक्यातली खुर्ची बहुतेक वेळा दाखवत नाही.

जाता जाता एक वाक्य देतो, कागदावर उतरवून सोडवा: 'शी सेड दॅट दॅट जोक वॉज नॉट दॅट फनी.' तीन दॅट, तिघांची कामं वेगळी. पहिला 'सेड'ला पुढच्या वाक्याशी जोडतोय, कंजंक्शन. दुसरा कुठला जोक ते दाखवतोय, डिटरमिनर, तुमच्या पुस्तकात कदाचित डेमॉन्स्ट्रेटिव्ह ॲडजेक्टिव्ह म्हटलं असेल. तिसऱ्यावर अडलात तर त्याच्या जागी 'व्हेरी' टाकून वाचा.